जोंग्याला एक पाय कमी

"माणसाला माणसाची गरज असते, ही माणसांनीच उठवलेली अफवा आहे," असं गोपाळकृष्ण देवस्थळी यांनी नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता जाहीर केलं. विधान थोर होतं. फक्त ते ऐकायला कुणी नव्हतं, आणि वक्ता एका जुन्या लष्करी गाडीखाली उताणा पडलेला होता. त्यातून त्याच्या बनियनचा खांद्याचा पट्टा हँडब्रेकच्या केबलला अडकला होता. एका हातात पाना, दुसऱ्या हातात ब्रेक ऑइलची बाटली. पाना सोडला तर तेल गळणार, बाटली सोडली तर ती तोंडावर पडणार. पट्टा सोडवायला तिसरा हात हवा होता, आणि तिसरा हात म्हणजे, कसाही हिशेब करा, दुसरा माणूस.

गोपाळराव दहा मिनिटं तसेच पडून राहिले. मग त्यांनी चाकापाशी तेल सोडणारं निपल पान्यानं बंद केलं, बाटली बाजूला ठेवली आणि साप कात टाकतो तसे बनियनमधून सरपटत बाहेर आले. बनियन गाडीखाली शरणागतीच्या निशाणासारखं लोंबत राहिलं. एकोणसत्तर वर्षांचा उघडाबंब माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तेव्हा समोरच्या टॉवरच्या कुंपणाच्या भिंतीवरून एक पांढरी टोपी त्याच्याकडे बघत होती. टोपीखाली एक सावळा, रुंद, निर्विकार चेहरा होता.

गोपाळरावांनी त्या चेहऱ्याकडे पाठ केली आणि शर्ट घालायला घरात गेले.

गाडी होती जोंगा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर, आपल्या सैन्याची ही जुनी गाडी म्हणजे जीपचा थोरला, अंगानं भरलेला आणि स्वभावानं हट्टी भाऊ. डोंगर चढतो, नाला ओलांडतो, आणि पेट्रोल पिताना मागंपुढं बघत नाही. गोपाळरावांनी खडकीच्या एका लष्करी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून चौतीस वर्षं काढली. लष्करी गाड्यांचे शेकडो भाग त्यांनी कागदावर काढले, तेही अर्ध्या मिलिमीटरची चूक न करता. पण अशा गाडीत बसण्याचा योग एकदाही आला नाही. ड्राफ्ट्समनला गाडीत बसवत नाहीत, स्टुलावर बसवतात. निवृत्तीनंतर त्यांनी भंगारवाल्याच्या आवारातून हा जोंगा उचलला आणि क्रेननं हडपसरच्या आपल्या छोट्या बंगल्यात आणून उतरवला. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. तेव्हा त्याला चाकं तीन होती आणि पुढच्या सीटमधून एरंडाचं झाड वर आलं होतं.

पद्मजाबाईंनी गॅलरीतून सगळं शांतपणे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हा कुठं ठेवायचा, की आपण आता ह्यातच राहायचं?"

त्याच पद्मजाबाई पुढं या कामाचा उजवा पाय झाल्या.

हे जरा समजावून सांगायला हवं. ब्रेकच्या नळ्यांमध्ये तेल असतं. त्या तेलात हवा शिरली की पायाखालचं पेडल ओल्या स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबायचं सोडून विचार करत राहते. ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल चार वेळा दाबायचं आणि मग दाबून धरायचं. दुसऱ्यानं खाली पडून चाकापाशी एक बारीक निपल असतं ते पान्यानं सैल करायचं, बुडबुड्यांसकट तेल बाहेर आलं की पुन्हा आवळायचं. मगच वरच्यानं पाय उचलायचा. घाई झाली तर बाहेर गेलेली हवा माघारी येते. "पंप", "धर" आणि "सोड" एवढ्या तीन शब्दांवर हा सगळा कारभार चालतो.

पद्मजाबाईंना गाडीतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण त्या चपला खाली काढून ठेवत, सीटवर स्वतः विणलेली उशी घेऊन बसत, मांडीवर पावट्याच्या शेंगांचं ताट घेत आणि अनवाणी पायानं पंप मारत. "धर!" असं खालून आलं की वरून उत्तर येई, "धरलंय हो. उघडा लवकर, कुकर लावायचाय." अडतीस वर्षांच्या संसारात पद्मजाबाईंनी गोपाळरावांचं म्हणणं तंतोतंत ऐकलं असा हा एवढाच विभाग होता.

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. पाच दिवसांचा ताप, सहाव्या दिवशी नाहीत. गोपाळरावांनी भेटायला येणाऱ्यांना चहा दिला, तेराव्या दिवशी मांडव काढणाऱ्याला त्याचा एक खिळा खाली पडलाय हे दाखवून दिलं, आणि चौदाव्या दिवशी गाडीखाली गेले. एकट्यानं करता येण्यासारखं जेवढं होतं तेवढं त्यांनी सगळं केलं. साखळी-कप्पीनं इंजिन बसवलं. वायरिंग ओढलं. मशीनवर स्वतः कॅनव्हासचं छत शिवलं. चार हात हिरवा रंग दिला. ब्रेकच्या नळ्याही नव्या घातल्या. आणि मग लक्षात आलं की आता एकच काम उरलंय, आणि ते एकट्यानं होत नाही.

वेळ भरपूर असता तर हाही प्रश्न त्यांनी आणखी नऊ वर्षं पुरवून खाल्ला असता. पण ऑगस्टमध्ये एकदा गाडीखाली त्यांची कंबर धरली आणि ते पावणेदोन तास तसेच पडून राहिले. ही बातमी, घरात त्यांच्याशिवाय कुणीही नसताना, नेदरलँड्समध्ये लेकीला कळली. कारण ती त्यांनी स्वतःच विनोद म्हणून सांगितली. स्वराली हसली नाही.

"बाबा, दॅट्स इट. आता ती गाडी जाणार."

"जाणार म्हणजे? चालणार?"

"चालत नाही म्हणूनच जाणार. अभिनव म्हणून एक आहे, माझ्या मैत्रिणीचा भाऊ. जुन्या मिलिटरी गाड्या गोळा करतो. तीन जीपा आहेत त्याच्याकडे. आहे तशी न्यायला तयार आहे तो."

"त्याला सांग, चौथी मिळणार नाही. गाडी होत आलीये."

"बाबा, मी कॉलेजात होते तेव्हापासून ती होत आलीये."

इथं गोपाळरावांमधला पुणेकर जागा झाला. हा गृहस्थ एरवी डुलक्या घेत असतो, पण मान राखायची वेळ आली की नको तितका ताठ उठतो. "नोव्हेंबरचा शेवटचा रविवार," ते म्हणाले. "सकाळी अकरा. तोवर ही गाडी गॅरेजातून निघून गल्लीच्या तोंडाशी जाऊन स्वतःच्या ब्रेकवर थांबली नाही, तर तुझ्या त्या अभिनवनं खुशाल टोचन लावून न्यावी. मी पाठवणीला दही-साखर देईन."

शब्द दिला गेला. देवस्थळ्यांच्या घराण्यात दिलेला शब्द परत घेण्याची पद्धत नव्हती. तो पाळताना नाकी नऊ आणण्याची होती.

उजव्या पायाला पर्याय शोधण्यात दोन महिने गेले. आधी पेडलवर वरवंटा ठेवून पाहिला. तो घरंगळून गोपाळरावांच्या नडगीवर आला. मग सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाटणं अडकवलं. लाटणं धरत होतं, पण पंप कोण मारणार? म्हणून चार वेळा पाय मारायचा, लाटणं खोचायचं, खाली उतरायचं, आडवं व्हायचं, सरपटायचं, निपल उघडायचं, आवळायचं, सरपटत बाहेर यायचं, गुडघ्यांची समजूत घालायची, वर चढायचं, लाटणं काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. एका दिवसात हे त्यांनी बावीस वेळा केलं. तेविसाव्या वेळी लाटणं सुटलं, ब्रेक ऑइलची पिचकारी बाहेर उडाली आणि दारावरच्या ताज्या हिरव्या रंगावर पडली. ब्रेक ऑइल रंग खातं. तासाभरात तिथं साधारण ऑस्ट्रेलियाच्या आकाराचा एक डाग उमटला.

मग इंटरनेटवरून एकट्या माणसासाठीची म्हणून एक बाटली मागवली. तिला नळी होती, झडप होती आणि बरोबर एक हसरा परदेशी माणूस छापलेला कागद होता. तो माणूस एकटा असूनही इतका का हसतोय हे गोपाळरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. बाटलीनं जेवढी हवा काढली तेवढीच आत घेतली.

एक मेकॅनिक येऊन गेला. त्यानं जोंग्याकडे पाहिलं, गोपाळरावांकडे पाहिलं, दोघांच्या वयाची मनाशी बेरीज केली आणि "सोमवारी येतो" म्हणाला. सोमवार सहा होऊन गेले.

आणि त्या गुरुवारी, बनियन प्रकरणानंतर शर्ट घालून ते पुन्हा खाली गेले, तेव्हा एक गोष्ट घडली. म्हटलं तर काहीच घडलं नाही. ते मागच्या डाव्या चाकापाशी पडले, पाना निपलवर बसवला आणि सवयीनं, कसलाही विचार न करता, म्हणाले, "हं, धर गं."

आणि वाट बघत राहिले.

टॉवरमधल्या कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली. एक रिक्षा गेली. गोपाळराव पाना धरून उत्तराची वाट बघत होते. किती वेळ ते त्यांना सांगता आलं नसतं. मग त्यांनी पाना काढला, फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला, आणि त्या दिवशी काम थांबवलं.

माणसं नव्हती असं नाही. बंगल्यांच्या त्या गल्लीत आठ घरं होती. त्यांपैकी पाचांशी गोपाळरावांचं ग्राइंडरच्या आवाजावरून वाजलेलं होतं, दोन घरं कुलूपबंद होती आणि आठवं त्यांचं स्वतःचं. उरली ती भिंतीवरची टोपी.

ही टोपी जूनपासून रोज सकाळी दहाला भिंतीपाशी उगवायची आणि बाराला मावळायची. पहिल्याच दिवशी तिनं तोंड उघडलं होतं. "काय बनवून राह्यले जी?" असा खणखणीत वऱ्हाडी प्रश्न भिंतीवरून आला होता. समोर दोन टनांची, बॉनेट उघडी टाकलेली लष्करी गाडी उभी होती, आणि इंजिनात कोपरापर्यंत हात घातलेले गोपाळराव मान वर न करता म्हणाले होते, "लाडू."

आता पुण्यात हे उत्तर म्हणजे 'या, बसा' असंच असतं. ज्याच्याशी बोलायचं नसतं त्याला पुणेकर सरळ उत्तर देतो. तिरकं उत्तर दिलं की पलीकडच्यानं त्याहून तिरकं द्यायचं, मग याचं, मग त्याचं, आणि पंधरा मिनिटांत चहा. गोपाळराव पुढच्या टोल्याची वाट बघत होते. पण टोपीवाला माणूस यवतमाळकडचा. त्याच्याकडे माणसाला काही विचारलं की माणूस सांगतो. त्यानं क्षणभर पाहिलं, "बरं" म्हणाला आणि गप्प झाला. त्यानंतर साडेपाच महिने तो रोज आला, पण बोलला नाही. गोपाळरावांना वाटलं, माणूस शिष्ट आहे. त्याला काय वाटलं ते उघड होतं.

शुक्रवारी गोपाळरावांनी विनंती लिहून काढायचं ठरवलं. तोंडानं मागायची सवय नव्हती, पण ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसाला कागद जवळचा. टपोऱ्या, सरळ अक्षरांत त्यांनी लिहिलं, "महोदय, आपला उजवा पाय शनिवारी सकाळी सुमारे एक तास मोकळा असल्यास..." वाचून पाहिलं. डॉक्टरांनी कापायला मागितल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या कागदावर पेडलची बाजूनं दिसणारी आकृती काढली, बाण काढले, मापं टाकली आणि बाणाच्या टोकाला 'आपण' असं लिहिलं. तोही फाडला.

दुपारी अभिनवचा फोन आला. मुलगा फार सभ्य होता. "काका, नो प्रेशर हं. मी फक्त क्रेनवाल्याला सांगून ठेवलंय."

शनिवारी दहा वाजता टोपी उगवली. गोपाळराव भिंतीपाशी गेले आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की साडेपाच महिन्यांत आपण या माणसाचं नावही विचारलेलं नाही.

"अहो, ते... समोरचे!"

टोपीनं मागं वळून पाहिलं. मागं वॉचमनची रिकामी खुर्ची होती, खुर्चीखाली एक कुत्रं झोपलं होतं.

"मले म्हनून राह्यले काय?"

"दुसरं कोण आहे तिथं?"

"कुत्रा हाय ना."

गोपाळरावांना एकदम बरं वाटलं. टोला आला होता. पण टोपीचा चेहरा तसाच कोरा होता. त्यानं खरोखरच कुत्र्याची शक्यता धरली होती.

"गाडी येते का तुम्हाला चालवता?"

"यष्टी चालवली. एकतीस वर्ष, दारव्हा डेपो. गावंडे म्हनते मले. महिपती गावंडे."

"मी देवस्थळी. मग गावंडे, तुम्हाला ब्रेक दाबता येत असेल."

गावंड्यांनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. ड्रायव्हर माणूस घाटात समोरच्या ट्रकला वाट देण्याआधी बघतो तसं त्यांनी गोपाळरावांकडे पाहिलं.

"तुम्ही तं लाडू बनवून राह्यले होते ना? लाडवाले ब्रेक कायले लागते?"

गोपाळरावांकडे या प्रश्नाला सात उत्तरं होती. पैकी चार तर फारच चांगली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"वळत नाहीयेत हो," ते म्हणाले. "एकट्याला नाही वळता येत."

टोपी भिंतीवरून नाहीशी झाली. गोपाळराव भिंतीच्या विटा बघत उभे राहिले. 'संपलं,' त्यांच्या मनात आलं, 'दही आणायला हवं.' तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. टॉवरच्या फाटकातून बाहेर पडून, रस्त्यानं पूर्ण वळसा घालून गावंडे आले होते, आणि धोतराचा सोगा खोचत होते.

"कोनता पाय पायजे?" त्यांनी विचारलं.

काय करायचं ते गोपाळरावांनी समजावलं. गावंड्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आमच्या यष्टीच्या ब्रेकात हवा भरा लागे. हवा गेली का गाडी गेली. तुमच्या ब्रेकातून हवा काढा लागते. पुन्याचा कारभारच उलटा हाय."

ते वर चढले. सीटवर विणलेली उशी होती. ती त्यांनी बाजूला सारायला हात घातला, आणि गोपाळराव खालून पटकन म्हणाले, "राहू द्या ती. म्हणजे, सीट कडक आहे." गावंडे उशीवर बसले. त्यांनी चपला खाली काढल्या. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि काही वेळ नुसतेच पुढं बघत राहिले. पुढं गॅरेजची भिंत आणि तिच्यावर लटकवलेले पाने होते. दारव्ह्याचा रस्ता दिसत असावा.

गोपाळराव मागच्या डाव्या चाकाखाली गेले.

"पंप!"

पेडल हललं नाही.

"गावंडे, पंप!"

"पंप म्हन्जे?"

"दाबा, सोडा, दाबा, सोडा. चार वेळा."

"मंग तसं म्हना ना."

पेडल चार वेळा खाली-वर झालं. गाडीनं अंग हलवलं. पाय यष्टीचा होता, नाजूकपणा त्याच्या नोकरीत कधी लागला नव्हता.

"धरा!"

"धरलं."

गोपाळराव पाना निपलवर ठेवून तसेच पडून राहिले. आवाज जाडा होता, घोगरा होता, वऱ्हाडी होता. त्याचं कशाशीच साम्य नव्हतं. पण वरून आला होता.

"धरलं म्हनलं ना भाऊ! झोपले काय?"

"नाही, नाही. निपल जाम आहे."

निपल जाम नव्हतं. ते उघडल्याबरोबर नळीतून बाटलीत बुडबुड्यांची रांग निघाली. फुर्र फुर्र आवाज करत दोन महिन्यांची कोंडलेली हवा बाहेर आली.

"सोडा!"

"सोडलं."

मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मागच्या उजव्यात सगळा घोळ होता. तिथं अकरा वेळा करावं लागलं. मध्येच गावंडे वरून बोलू लागले. समोर माणूस दिसत नसला की बोलणं सोपं जातं. ड्रायव्हरच्या पाठीमागं बसलेले प्रवासीही असेच बोलत असणार.

"पोराकडं अकराव्या माळ्यावर राह्यतो. पोरगा योगेश, सून भाग्यश्री, दोघंही कंप्युटरवर. पोरं चांगली हाय. पन सकाई जाते ते रातच्यालेच येते. खाली पाह्यलं का गाड्या मुंगीवानी दिसते. एकतीस वर्ष गाडी हाकली, आता वरून गाड्या मोजतो."

"आणि तुमच्या सौभाग्यवती?"

"सुशीला? ते गावालेच हाय. लिफ्टात चढत नाही. म्हनते, मले उभ्यानं वर न्याचं नाही."

गोपाळराव गाडीखाली एकटेच हसले. मग ध्यानात आलं की एकटे नाही.

"इथं भिंतीपाशी येऊन उभा राह्यतो," वरून आवाज आला, "तुमच्या गाडीचा वास येते ना. ग्रीसचा. बरं वाटते."

साडेबाराला गावंड्यांनी पेडलवर पाय ठेवला आणि तो जागीच थांबला. त्यांनी जोर लावला. पेडल दगडासारखं. "भाऊ," ते म्हणाले, "आता हे खाली जात नाही."

"जायचंच नाहीये."

"मंग झालं."

"झालं," गोपाळराव म्हणाले. नऊ वर्षांच्या कामाला शेवटी एवढाच शब्द पुरला.

ते चहा करायला आत गेले. ओट्यावर एक कप होता. दुसरा शोधायला वेळ लागला. तो वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला सापडला. वर्तमानपत्र दोन वर्षांपूर्वीचं होतं. त्यांनी कप धुतला, पुसला आणि मग स्वतःसाठी तोच घेतला.

रविवारी सकाळी गोपाळराव आठ वाजताच तयार होऊन बसले होते. खाकी पँट, पांढरा शर्ट, इस्त्री कडक. मनातल्या मनात एक छोटं भाषणही बसवून ठेवलं होतं. ते स्वरालीला फोनवर ऐकवायचं होतं, आणि त्याची सुरुवात 'कळवण्यास आनंद होतो की' अशी होती. साडेदहाला गावंडे आले. स्वच्छ धुतलेली टोपी, हातात गाठ मारलेली कापडी पिशवी. पिशवी त्यांनी मागच्या सीटवर ठेवली आणि ते डाव्या बाजूनं चढून शेजारी बसले. गोपाळरावांनी पिशवीकडे पाहिलं, नारळ आणि पेढे असावेत असा अंदाज केला आणि मनातून हलले. लोक अजून या गोष्टी करतात. पुण्याबाहेरचे लोक.

जोंगा तिसऱ्या हाकेला जागा झाला. आधी खोकला, मग शिंकला, मग सहाही सिलिंडरांनी एकदम गर्जला. आठही घरांचे काच-दरवाजे थरथरले, त्यात गोपाळरावांशी न बोलणारी पाच घरंही आली. पाचही घरांतून माणसं गॅलरीत आली. टॉवरच्या बाल्कन्यांतूनही डोकी दिसू लागली. ऑस्ट्रेलियाच्या डागासकट जोंगा गॅरेजातून बाहेर पडला आणि पहिल्या गिअरमध्ये, हत्तीच्या सावकाशीनं, गल्लीतून निघाला. गोपाळरावांनी डावी-उजवीकडे पाहिलं नाही. मिरवणुकीत बघायचं नसतं.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी पेडलवर पाय ठेवला. जोंगा थांबला. आवाज नाही, धक्का नाही, स्पंज नाही. नुसता थांबला.

अकराला पाच कमी होते. फोन वाजला.

"काका, अभिनव. निघू का मी?"

"निघू नका," गोपाळराव म्हणाले. "क्रेनवाल्याला माझा नमस्कार सांगा. गाडी थांबली."

"थांबली म्हणजे? बंद पडली?"

"थांबव म्हटल्यावर थांबली."

फोन त्यांनी खिशात टाकला. समोर मोठा रस्ता होता. पीएमपीच्या बसगाड्या, रिक्षा, टेम्पो, दुचाक्यांचा लोंढा. रविवारच्या बाजाराची गर्दी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चालली होती. प्रत्येकाला कुठं जायचं ते ठाऊक होतं. गोपाळरावांनी क्लच दाबला, गिअरवर हात ठेवला, आणि हात तसाच राहिला.

नऊ वर्षांत त्यांनी या गाडीचा प्रत्येक बोल्ट तीनदा तरी उघडून लावला होता. ती कशी चालेल, किती चालेल, कुठल्या गिअरमध्ये किती वेगानं चालेल, सगळं वहीत लिहिलेलं होतं. कुठं जायचं, ते मात्र कधी मनातच आलं नव्हतं. ते खातं त्यांचं नव्हतंच. वाईला जाऊ, भोरला जाऊ, येताना अमक्याकडं वाकडी वाट करू, हे पद्मजाबाई ठरवायच्या. शेंगा सोलता सोलता ठरवायच्या आणि पंप मारता मारता बदलायच्या. ते खालून फक्त "हं" म्हणायचे.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. गोपाळराव हलले नाहीत.

गावंड्यांनी थोडी वाट पाहिली. एकतीस वर्षं त्यांनी डेपोतून गाडी काढली होती; थांबलेल्या गाडीची त्यांना सवय होती, पण थांबण्याचं कारण त्यांना लागायचं.

"बोर्ड कोनता लावाचा, भाऊ?"

"माहीत नाही," गोपाळराव म्हणाले. बऱ्याच वर्षांत त्यांनी कुणालाही दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं. "खरंच माहीत नाही हो, गावंडे. कुठं जायचं ते मी ठरवलेलंच नाही. ठरवायला कुणी..."

वाक्य तिथंच राहिलं. मागचा हॉर्न पुन्हा वाजला, आता जरा लांबलचक. इंजिन घुमत होतं. छताचा कॅनव्हास वाऱ्यानं फुगत होता. गॅलऱ्यांमधली माणसं अजून बघत होती, आणि जोंगा, डोंगर चढायला आणि नाले ओलांडायला जन्मलेला जोंगा, हडपसरच्या एका गल्लीच्या तोंडाशी अडून उभा होता.

गावंड्यांनी मागं हात टाकून कापडी पिशवी ओढली आणि मांडीवर घेतली. ती नारळापेक्षा बरीच जड होती.

"मंग असं करता काय," ते जरा संकोचून म्हणाले, "उजवीकडं घ्या. सुनेनं दळन देल्लं हाय, ज्वारीचं. चक्की बाराले बंद होते."